नोंद नसलेलं काम

माणसाला खोकायला शिकवावं लागतं, हे मला विशेंमुळे कळलं.

टोकावड्याच्या अलीकडे, मुरबाड-माळशेज रस्त्याला लागून एका ट्रस्टचं तीस खाटांचं रुग्णालय आहे. मी तिथे कार्यालय अधीक्षक म्हणून रुजू झाले, त्या पहिल्याच सकाळी इमारतीला फेरी मारत काय काय मोडकं आहे याची यादी करत होते. मागच्या बाजूला आले, तर करंजाच्या झाडाखाली पन्नाशीचा एक बुटका माणूस, अंगात पांढरा कोट, गुडघ्यांवर हात टेकून वाकून जीव तोडून खोकत होता. समोर पाड्यावरची पाच-सहा माणसं हातात प्लास्टिकच्या डब्या धरून गंभीरपणे बघत उभी होती. मला वाटलं, आपला कर्मचारीच आजारी दिसतो. धावत गेले.

"अहो, बसा आधी. पाणी आणू का?"

तो सरळ झाला, रुमालानं तोंड पुसलं आणि म्हणाला, "पाणी नको मॅडम. शिकवणी चाललीय." मग त्या माणसांकडे वळून, "बघितलं ना? गळ्यातून नाय काढायचं. खालून. रानात लांबच्या माणसाला हाक मारता ना, ती जिथून येते, तिथून."

हे गजानन विशे, आमचे प्रयोगशाळा तंत्रज्ञ. रक्त, लघवी, मलेरियाच्या काचपट्ट्या सगळंच बघायचे. पण त्यांचं खरं काम थुंकीचं. क्षयाचा संशय असलेल्या माणसाची थुंकी काचेवर पसरायची, तापवायची, रंगवायची आणि दुर्बिणीखाली धरून निळ्या पाण्यात लाल काड्या दिसतात का ते शोधायचं. अडचण अशी की डबी हातात दिली की दहातली आठ माणसं त्यात लाळ थुंकतात. जंतू असतो छातीच्या तळाशी. लाळ तपासली तर कितीही हुशार माणूस "काही नाही" असंच लिहील, आणि ते लिहिणं चुकीचंही नसेल.

छातीतून आलेल्या घट्ट बेडक्याला विशे 'ऐवज' म्हणायचे. "हे परत घेऊन जा, ऐवज आण," असं म्हणून डबी सरळ माणसाच्या हातात परत. भातसानगरच्या धरण वसाहतीतले एक साहेब एकदा आले होते. इस्त्रीचा शर्ट, बोलणं हळू. उघड्यावर खोकायला त्यांना लाज वाटे. आडोशाला जाऊन त्यांनी तीनदा डबी भरून आणली. तिसऱ्या वेळी विशेंनी डबी उजेडात धरली.

"साहेब, हे नुसतं पाणी हाय. पाणी तुमी मुंबईला पाठवा. मला ऐवज पायजे."

साहेब आधी चिडले, मग हसले, आणि हसता हसताच त्यांना असा खोकला आला की विशेंनी डबी पुढे केली. "हां! आता झालं."

बायकांचं प्रकरण वेगळं होतं. सासू शेजारी उभी असताना कुठली सून घसा खाकरून थुंकेल? विशे सासूला कामाला लावायचे. "आजी, जरा नंबर धरा गो तिकडं," किंवा "आजी, त्या शेवग्याला शेंगा किती लागल्यात ते मोजून सांगा, मला दिसत नाय." आजी गेली की आपण पाठ करून उभे राहायचे आणि बोलत राहायचे, म्हणजे पोरीला वाटावं की यांचं लक्षच नाही. लक्ष सगळं मागे. "तीन श्वास घे बाय. घाई नाय. तिसऱ्याला सोड... ह्या! ही झाली गोष्ट." सासू परत येऊन शेंगांचा आकडा सांगायची, तो विशे मनापासून ऐकून घ्यायचे.

उभं कुठे राहायचं याचाही त्यांचा नियम होता. आधी करंजाचं वाळलं पान सोडून बघायचे, ते कुठल्या बाजूला जातं. मग वारा आपल्याकडून खोकणाऱ्याकडे जाईल असे उभे राहायचे. अठ्ठावीस वर्षं टीबीच्या माणसांसमोर उभे राहिले, त्यांना स्वतःला काही झालं नाही. विचारलं तर म्हणायचे, "वारा बघून उभं राहिलं की झालं."

लिहिण्याचा मात्र त्यांना कंटाळा. मी यादीशिवाय पाऊल न टाकणारी बाई. माझ्या टेबलावर चालू कामांची, अडलेल्या कामांची आणि निर्लेखनाच्या, म्हणजे मोडीत काढायच्या सामानाची अशा तीन वह्या कायम उघड्या. विशे दारातून डोकावायचे. "मॅडम, मी उद्या पडलो तर कुठल्या वहीत घालणार? दुरुस्तीच्या की निर्लेखनाच्या?" माझ्या मागे ते मला यादीबाई म्हणतात हेही मला ठाऊक होतं. त्यांच्या रजिस्टरात दिवसाला तीन शब्दांपेक्षा जास्त मजकूर नसायचा. फक्त एका बाबतीत ते काटेकोर होते. रुग्णाला "तुला टीबी नाही" असं कधीही सांगायचे नाहीत. "आज या डबीत दिसला नाय," असं सांगायचे. आणि आठ दिवसांनी परत बोलवायचे.

मग यंत्रं आली.

ट्रस्टच्या एका देणगीदारांनी दोन दिली. एक, छातीचा एक्स-रे वाचणारी एआय प्रणाली. दुसरं, काचपट्टी रंगवून तिचे कॅमेऱ्यानं शेकडो फोटो काढून लाल काड्या शोधून देणारं मशीन. दोन्ही उत्तम होती, हे मी आजही म्हणते. त्यांच्याबरोबर ट्रस्टच्या मुंबईच्या कार्यालयातून एक पत्र आलं: कोणत्या पदाचं कोणतं काम यंत्राकडे जाऊ शकतं याचा पदनिहाय तक्ता पंधरा दिवसांत पाठवावा.

बातमी जेवणाच्या खोलीत माझ्या आधी पोचली. मी डबा घेऊन गेले तेव्हा विशे भाकरीवर सुकटीची चटणी पसरत म्हणत होते, "चला, नंबर लावून घेऊ. पहिला कोण जाणार?"

"मीच," एक्स-रेवाला पंकज म्हणाला. त्याचा चेहरा उतरलेला. "फोटो तर आता मशीन वाचणार."

"तू कधी वाचत होतास रे? तू नुसता 'श्वास धरा, सोडा' करतोस. जाईल तो कल्याणला बसून वाचणारा डॉक्टर. तुला कुणी हात लावत नाय."

"आणि आम्ही?" औषधं देणाऱ्या घरतांनी विचारलं.

"तुमी अर्धे जाल. गोळ्या मोजणारे घरत गेले. ही सकाळची, ही जेवल्यावरची, ही दारूवर घेऊ नको, हे सांगणारे घरत राहिले."

सानप डॉक्टर सहसा या गप्पांत पडत नसत. त्या दिवशी पडल्या. "माझं काय, विशे?"

"तुमी राहणार. सही कोण करंल? उद्या काय कमी-जास्त झालं तर मशीनवर थोडीच केस करता येतीय?"

डॉक्टरांसकट सगळे हसले. प्रसूती खोलीतल्या आया यमुनाबाई कोपऱ्यात बसल्या होत्या. "आनि माजा रं, गजा?"

"यमुनाबाय, तू शेवटची. आमी सगळी घरी जाऊ तेव्हा कुलूप लावायला तूच. बाई कळा देताना ओरडाय लागली की तिला हात कुणाचा देतील? तुझा तर पगार वाढवायला पायजे."

"वाढवंल तुजा बापूस."

"आणि तुमचा नंबर कितवा?" मी विचारलं.

ते घास चावत राहिले. मग मान चोळून म्हणाले, "माझी तर चैन हाय मॅडम. दुर्बिणीत डोळा घालून घालून मान गेलीय. ते काम घेऊ दे की तिला. मी झाडाखाली मोकळा राहीन."

त्यांना खरंच तसं वाटत होतं. यंत्र बसवायला आलेल्या माणसाला त्यांनी स्वतः मदत केली, जुन्या काचपट्ट्या काढून दिल्या, आणि आपल्याला सापडलेलं सगळं यंत्राला सापडतं की नाही ते दोन दिवस तपासत बसले. एका काचेवर यंत्राला दोन काड्या जास्त दिसल्या. विशेंनी दुर्बीण लावली, बराच वेळ बघितलं आणि म्हणाले, "हाय की. माझीच नजर गेली नव्हती." त्यांच्या आवाजात कौतुक होतं.

तक्ता मी केला. माझ्या नोकरीतलं ते सर्वांत नीटनेटकं काम असेल. प्रत्येकाबरोबर अर्धा तास बसले. पाच रकाने होते: काम, रोजचा वेळ, नोंद कुठल्या रजिस्टरात, यंत्र करू शकेल का, शेरा. पंकजची कामं अकरा निघाली. एक्स-रेच्या रजिस्टरात 'पुन्हा काढलेले' असा रकाना होता, त्यामुळे माणसाला नीट उभं करणं, श्वास धरायला लावणं, हललेला फोटो परत काढणं हे सगळं नोंदीत होतं. परिचारिकांची तर दोन पानं भरली. विशे समोर बसले आणि म्हणाले, "लिहा. काचपट्टी बघणे."

"एवढंच?"

"रंगवणे. रिपोर्ट लिहिणे."

"आणि ते झाडाखालचं?"

ते लाजले. "ते काय काम हाय मॅडम? खोकायला शिकवणे असं लिहिणार कागदावर? मुंबईची माणसं हसतील. माझा पोरगा इंजिनियर हाय, त्याला कळलं तर तोपण हसंल."

मी पेन धरून थांबले होते. ते काम मी स्वतः डोळ्यांनी बघितलं होतं. पण तिसऱ्या रकान्यात काय लिहायचं? त्याला रजिस्टर नव्हतं. रिकामा रकाना मला आवडत नाही. मी पुढच्या पदाकडे वळले.

तक्ता पाठवला, महिन्यानं आदेश आला. पंकजकडे दोन्ही यंत्रं. घरत होते तिथेच. यमुनाबाईंच्या नावापुढे मी प्रत्येक ओळीत 'नाही' लिहिलं होतं, त्यांना कुणी विचारलंही नाही. विशेंच्या तिन्ही ओळींपुढे 'होय' होतं. प्रयोगशाळा तंत्रज्ञाचं पद रद्द, रक्त-लघवीचे नमुने मुरबाडला पाठवायचे. निवृत्तीला चार वर्षं उरली असल्यानं त्यांना नोंदणी खिडकीवर सामावून घ्यावं. पगार तोच. ट्रस्टनं वाईट वागवलं असं म्हणता येणार नाही.

आदेश मी त्यांच्या हातात दिला. ते उभ्याउभ्या वाचत राहिले. "म्हणजे झाडाखाली कोण?"

"सिस्टर डबी देतील. सूचना लावू आपण भिंतीवर."

"वाचता येतं का त्यांना?" एवढंच म्हणाले. रागानं नव्हे, खरोखर माहिती हवी असल्यासारखं. मग जाऊन त्यांनी दुर्बीण पुसली, वर कापड घातलं आणि किल्ली माझ्या टेबलावर आणून ठेवली.

खिडकीवर त्यांचं काही जमेना. संगणकावर एका बोटानं अक्षरं शोधायचे. त्यात प्रत्येकाला विचारायचे, "खोकला हाय का? किती दिवस? रात्री घाम येतो? जेवण जातं का?" रांग वाढायची. मुंबईहून विचारणा झाली, केसपेपरला इतका वेळ का लागतो. मी खिडकीशी गेले आणि हलक्या आवाजात म्हटलं, "विशे, फॉर्ममध्ये आहे तेवढंच विचारा. नाव, गाव, वय. बाकी डॉक्टर विचारतील."

"आमी विचारलं तर बिघडतं काय?"

"रांग अडते."

"बरं," ते म्हणाले. आणि त्या दिवसापासून त्यांनी खरंच तेवढंच विचारलं. रांग सुरळीत झाली. मी अडलेल्या कामांच्या वहीतून ती ओळ खोडली.

यंत्र बिनतक्रार चालत होतं. दिवसाला पूर्वीच्या तिप्पट काचपट्ट्या व्हायच्या. रिपोर्ट बहुतेक 'आढळले नाही' असे यायचे. मासिक बैठकीत त्याचं स्वागत झालं. आपल्या भागातला क्षय कमी होतोय असं एक जण म्हणाला. थुंकीत काही नाही म्हटलं की एक्स-रेची पायरी बहुतेकांच्या बाबतीत गाळली जाई. संशय कुणालाच आला नाही. मलाही नाही, आणि झाडाखालचं सगळं मी बघितलेलं होतं.

दिवाळी होऊन गेली की इथल्या पाड्यांवरची निम्मी माणसं वीटभट्ट्यांवर जातात, ती थेट पावसाच्या तोंडावर परततात. जाण्याआधी अंगातलं दुखणं दाखवून घ्यायला रुग्णालयात गर्दी होते. त्या गर्दीत सोमी आली. वीस-एकवीस वर्षांची, पाचवा महिना, बरोबर सासू. खोकला होता, पण बारीक होणं, थकणं सगळं गरोदरपणावर गेलं. पोटात मूल म्हणून एक्स-रे टाळला. थुंकी तपासली: आढळले नाही. पंधरा दिवसांनी परत: आढळले नाही. मग ती भट्टीवर गेली आणि पौषात तिथून तिसऱ्यांदा आली. तेव्हाही तेच.

चौथ्यांदा ती आली तेव्हा मी कार्यालयात होते. बाहेर आरडाओरड ऐकू आली. खिडकी रिकामी, रांगेत वीस माणसं, आणि विशे जागेवर नाहीत. "कुठं गेला हो तो मास्तर? बाईमाणसाला घेऊन मागं गेला," कुणीतरी सांगितलं. मी तावातावानं मागे गेले.

करंजाखाली सोमी भिंतीला टेकून उभी होती. विशे तिच्याकडे पाठ करून, माझ्याकडे तोंड करून उभे. मला बघून त्यांनी फक्त तळहात वर केला: थांबा. सासू लांब शेवग्याखाली मान वर करून उभी होती.

"बाय, यंदा भट्टी कुठली तुमची?" ते हवेत बोलल्यासारखे बोलत होते.

"भिवंडीकडं."

"मुकादम कोण? काळा की उंच?"

"उंच."

"तो शिव्या लय देतो. जेवाय देतो का बरा? ...घे श्वास. अजून एक. आता तिसरा, पोटापासून... सोड!"

ती वाकली. खोकल्याचा आवाज मी आजवर विसरलेले नाही. एवढ्याशा पोरीच्या अंगातून एवढा खोल आवाज. विशे वळले, डबी घेतली, उजेडात धरली. झाकण घट्ट लावलं. या वेळी ऐवज हा शब्द आला नाही.

डबी त्यांनी पंकजला दिली. मशीननं आपलं काम केलं आणि पडद्यावर लाल खुणाच खुणा उमटल्या, कोपऱ्यापासून कोपऱ्यापर्यंत. पंकज खुर्चीतून उठला. "विशेकाका, आधीचे तीनही मीच लावले होते. मशीननं चूक केली नव्हती हो."

"तिनं कशाला चूक करंल? ती शाणी हाय. आपण तिला पाणी पाजत होतो."

मी त्याच दुपारी मशीन आल्यापासूनचे 'आढळले नाही' असे सगळे रिपोर्ट काढायला लावले. खोकला पंधरा दिवसांच्या वर असलेल्यांची वेगळी यादी केली. नाव, पाडा, वय. मग लक्षात आलं की यादीचा काही उपयोग नाही. पाडे रिकामे होते. माणसं भट्ट्यांवर, आणि कोण कुठल्या भट्टीवर हे कुठल्याच रजिस्टरात नव्हतं.

विशेंनी यादी मागून घेतली. खिडकी बंद झाल्यावर तिथेच बसून, केसपेपरच्या पाठकोऱ्या बाजूंवर, ते लिहीत होते. आयुष्यात पहिल्यांदा त्यांना मी इतकं लिहिताना पाहिलं. कुठल्या पाड्याची माणसं कोणता मुकादम नेतो, तो कुठल्या खाडीकाठच्या भट्टीला देतो, तिथे कुठल्या फाट्याला उतरायचं. मधेच थांबायचे. "हा उंबरमाळीचा. हा भट्टीवर जात नाय, पाय अधू हाय. घरीच सापडंल." अठ्ठावीस वर्षं पोरींना खोकवताना हवेत विचारलेले प्रश्न होते ते. सगळे त्यांच्या डोक्यात होते.

पुढचे तीन आठवडे रुग्णालयाची गाडी, सिस्टर आणि विशे भट्ट्या पालथ्या घालत होते. बहुतेक माणसं सापडली. ज्यांना आजार निघाला, त्यांच्या गोळ्या तिथेच सुरू झाल्या. उंबरमाळीचा तो अधू पायाचा माणूस घरीच होता, पण गाडी पोचली त्याच्या चार दिवस आधी वारला होता. सोमी वाचली. मूल कमी वजनाचं झालं, पण तेही जगलं. मात्र तिचं डावं फुफ्फुस आक्रसलं ते कायमचं. पाड्याचा चढ चढताना आता ती तीनदा खाली बसते.

मी ट्रस्टला सविस्तर लिहिलं. माझा तक्ता अपुरा होता असं स्पष्ट लिहिलं. उत्तर सभ्य होतं: सूचनांचं मोठं सचित्र भित्तिपत्रक पाठवत आहोत, पदाबाबत पुढील आर्थिक वर्षात विचार करू. भित्तिपत्रक सुंदर होतं.

त्याच आठवड्यात विशे राजीनामा घेऊन आले. मी त्यांना बसवलं, म्हटलं, वर्षभर थांबा, मी मागे लागते.

"त्याचं नाय मॅडम."

"मग?"

"ती तीनदा माझ्या खिडकीपुढून गेली. खोकत होती. मला ऐकू येत होतं की. मी नाव लिहिलं, गाव लिहिलं, वय लिहिलं."

"तुम्हाला तसं मी सांगितलं होतं, विशे."

"तुमी सांगितलंत," ते शांतपणे म्हणाले, "पण ऐकलं मी."

मला वाटतं, त्यांनी मला दोष दिला असता तर मला सोपं गेलं असतं.

ट्रस्टकडून पदाला मंजुरी यायला दीड वर्ष लागलं. आली तशी मी पत्र टाइप केलं आणि या वेळी कामांची यादी मनापासून केली. वाऱ्याची दिशा पाहणे. सोबतच्या नातेवाइकांस दूर पाठवणे. रुग्णाकडे पाठ करून उभे राहणे. बोलण्यातून कामाचे ठिकाण व मुकादम जाणून घेणे. निकाल सांगताना 'आज' हा शब्द वापरणे. एकूण चौदा बाबी, आणि त्यांच्यासाठी नवं रजिस्टरसुद्धा आखलं. एका रविवारी मुरबाडहून किन्हवली मार्गे एस.टी. बदलत त्यांच्या गावी गेले.

भाताची झोडणी चालली होती. विशे खळ्यात पेंढा रचत होते. केस पूर्ण पांढरे झालेले, कोट नसल्यामुळे आणखीच बुटके वाटले. वहिनींनी कोरा चहा दिला. विशेंनी हात धुतले, तेही कोपरापर्यंत, आणि पत्र घेऊन ओट्यावर बसले. चौदाही बाबी बोट ठेवून वाचल्या. एकदा हसले. मग माझं पेन मागितलं आणि एका ओळीत 'दोन' खोडून 'तीन' केलं.

"श्वास तीन. दोनाला नाय सुटत."

"तुम्ही येणार ना मग?"

"सगळं बरोबर लिहिलंय तुमी." त्यांनी पत्राची नीट घडी घातली. "हे सिस्टरला द्या. हे वाचून तिला येईल. न येण्यासारखं काय हाय त्यात?"

"विशे, लिहिलं म्हणून सगळ्यांना जमतं असं नाही."

"जमंल हळूहळू. मला नका बोलवू आता." ते खळ्याकडे बघत होते. "तिथनं आलो तेव्हा बाजारात गेलो तरी कान माणसांच्या छातीवर. लग्नात जेवायला बसलो तरी तेच. कोण खोकला, ओला की सुका, किती खोल. हिला विचारा. घास खाली जायचा नाय. आपण आता कोण, कुणाला थांबवून काय विचारणार? मग सवय मोडली. मोडायला वर्ष गेलं मॅडम. आता मोडलीय. परत नको."

वहिनी आत गेल्या. मी आणखी दोनदा विचारलं. त्यांनी दोन्ही वेळा मान हलवली आणि मग पिकाचं बोलायला लागले.

फाट्यापर्यंत सोडायला ते आले. नको म्हटलं तरी वाटेसाठी वालाच्या शेंगांची पिशवी माझ्या हातात दिली. घाटाकडून येणारी गाडी आली, थांबली. मी चढले, खिडकीपाशी जागा मिळाली. विशे खाली रस्त्याच्या कडेला उभे. "पोचल्यावर फोन करा," म्हणाले.

माझ्या मागच्या बाकावर कुणीतरी खोकलं. म्हातारी असावी. लांबलेला, खालून येणारा, ओला खोकला.

विशेंची मान झटकन वर आली. नजर माझ्यावरून घसरून मागच्या खिडकीवर गेली. एक पाऊल गाडीकडे पडलं, तोंड उघडलं. कंडक्टरनं घंटी मारली.

ते थांबले. पाऊल मागे घेतलं. आणि मुद्दाम, अगदी सावकाश, त्यांनी तोंड शेताकडे फिरवलं. गाडी वळणावर जाईपर्यंत मी बघत होते. ते तसेच उभे होते, आमच्याकडे पाठ करून.